दगड, पैसा, हात आणि नंतरचे आयुष्य
सांतो दोमिंगोच्या जुन्या चर्चेसकडे पाहताना : प्रस्तावना

डॉमिनिकन रिपब्लिकची राजधानी सांतो दोमिंगो. तिच्या जुन्या, एके काळी तटबंदीच्या आत असलेल्या भागाला आज 'सिउदाद कोलोनियाल' म्हणतात. ओझामा नदीच्या पश्चिम काठावरचा हा भाग जेमतेम एक चौरस किलोमीटरचा. सकाळी निघालेला माणूस दुपारच्या जेवणापर्यंत त्याच्या चारही कडा चालून येतो. एवढ्याशा जागेत एक कॅथेड्रल, फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन आणि मर्सिडेरियन संघांचे मठ, धर्मभगिनींचे मठ, जेझुइटांचे चर्च, एका रुग्णालयाचे अवशेष आणि गल्लीबोळांत विखुरलेली लहान चर्चेस आहेत. फलकावर असो वा वाटाड्याच्या तोंडी, बिरुद मात्र सगळ्यांना एकच : अमेरिका खंडातले पहिले. पहिले कॅथेड्रल, पहिले रुग्णालय, पहिला मठ, पहिले विद्यापीठ.

यातले बरेचसे खरे आहे, काहींवर वाद आहे. पेरूची राजधानी लिमा विद्यापीठाचा मान आजही सोडायला तयार नाही. पण ही बिरुदे खरी असली तरी कामाची फारशी नाहीत. 'पहिले' म्हटले की प्रवासी मान डोलावतो, फोटो काढतो आणि पुढच्या 'पहिल्या'कडे वळतो. पहिले कोणासाठी, कोणाच्या पैशातून, कोणाच्या श्रमातून, हे विचारायचे राहून जाते. त्यानंतरच्या पाचशे वर्षांत त्या वास्तूचे काय झाले, हा प्रश्न तर कोणाला पडतही नाही. हे पुस्तक त्या राहून गेलेल्या प्रश्नांसाठी आहे.

सुरुवात शहराच्या जन्मापासून करू. १४९२ च्या पहिल्या सफरीनंतर कोलंबसाने, सांतो दोमिंगो ज्या बेटावर आहे त्याच्या उत्तर किनाऱ्यावर, ला इसाबेला ही वसाहत १४९४ मध्ये वसवली. ती टिकली नाही. त्याचा भाऊ बार्थोलोम्यू याने दक्षिण किनाऱ्यावर ओझामाच्या पूर्व काठावर नवे गाव मांडले. १५०२ च्या चक्रीवादळाने त्याचीही धूळधाण केली. तेव्हा नवा गव्हर्नर निकोलास दे ओवांदो याने ते नदीच्या पलीकडे, पश्चिम काठावर हलवले आणि रस्ते दोरी लावल्यासारखे सरळ आखले. पुढे स्पॅनिश अमेरिकेत वसलेल्या असंख्य शहरांनी हाच आराखडा गिरवला : मध्ये चौक, चौकालगत चर्च, जवळच सत्तेची कचेरी, आणि भोवती काटकोनात छेदणारे रस्ते.

चर्च आणि सत्ता अशी शेजारी आली ती योगायोगाने नव्हे. १५०८ मध्ये पोप दुसरे ज्युलियस यांनी स्पेनच्या राजाला आपल्या वसाहतींत बिशप सुचवण्याचा आणि चर्च उभारण्याचा अधिकार दिला. धर्माचा दशांश करही राजाच्या हातून फिरू लागला. म्हणजे इथले चर्च हे बऱ्याच अंशी सरकारी खाते होते. गोवा आणि वसईशी परिचय असलेल्या मराठी वाचकाला ही रचना नवी वाटणार नाही. १४९४ च्या तोर्देसियास तहाने स्पेन आणि पोर्तुगाल यांनी जग आपसांत वाटून घेतले आणि पोर्तुगालच्या राजालाही पोपकडून असेच अधिकार मिळाले. १५१० मध्ये आफोन्सो द आल्बुकेर्कने गोवा जिंकला, त्याच वर्षी डॉमिनिकन संघाचे पहिले धर्मगुरू सांतो दोमिंगोच्या धक्क्यावर उतरले. वसईच्या किल्ल्यात ज्या फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन आणि जेझुइट संघांच्या चर्चेसचे अवशेष आपण पाहतो, तेच संघ इथेही होते. दोन साम्राज्ये वेगळी, पण कारभाराचा साचा एक.

आता दगडाकडे येऊ. सांतो दोमिंगोच्या चर्चेस मुख्यतः प्रवाळाच्या चुनखडीतून बांधली आहेत. हा दगड स्थानिक, सच्छिद्र आणि कापायला सोपा असतो. जवळ जाऊन पाहिले तर भिंतीत शिंपल्यांचे आणि प्रवाळांचे ठसे दिसतात. शहराच्या उत्तरेकडे जिथून हा दगड काढला गेला, त्या खाणीच्या जागीच पुढे सांता बार्बरा चर्च उभे राहिले. खाणीत आणि बांधकामावर आधी राबले ते बेटाचे मूळ रहिवासी ताइनो. रोगराई, उपासमार आणि सक्तीच्या मजुरीने काही दशकांत त्यांची संख्या कोसळली. मग आफ्रिकेतून गुलाम आणले गेले. एकाही दर्शनी भिंतीवर त्यांचे नाव नाही.

शैलींचा विचार केला तर इथे चार प्रवाह दिसतात. पहिला उत्तर-गॉथिक : फासळ्यांची छते आणि टोकदार कमानी. युरोपात गॉथिकचा काळ संपत आला होता, तेव्हा समुद्रापलीकडे त्याचा शेवटचा अंक सुरू झाला. दुसरा प्लातेरेस्क, म्हणजे सोळाव्या शतकातल्या स्पेनमधली अतिशय नाजूक, कोरीव दर्शनी शैली. तिसरा मुदेहार, इस्लामी स्पेनकडून आलेली विटांच्या कामाची परंपरा. आणि चौथा बारोक, तोही अगदी माफक. एकाच वास्तूत हे दोन-तीन प्रवाह सहज एकत्र नांदतात.

कॅथेड्रलचेच पाहा. पायाभरणी १५१४ ची. इटालियन विद्वान बिशप आलेस्सांद्रो जेराल्दिनी १५१९ मध्ये आले, त्यांनी कामाला नेट लावला, आणि १५२४ मध्ये ते इथेच वारले. कॅथेड्रलचा अभिषेक झाला १५४१ मध्ये. १५४६ मध्ये पोप तिसरे पॉल यांनी त्याला आर्चबिशपच्या पीठाचा दर्जा दिला. कोलंबसाच्या पुतळ्याचा मोठा चौक त्याच्या उत्तर बाजूला आहे, त्यामुळे बहुतेक लोक साध्या, किल्ल्यासारख्या उत्तर भिंतीलाच कॅथेड्रल समजतात. खरे दर्शन पश्चिमेला. तिथे मधल्या खांबाने विभागलेल्या दोन कमानी आत जाताना निमुळत्या होतात, त्यामुळे उथळ दर्शनी भाग खोल भासतो. ही दृष्टिभ्रमाची करामत प्रबोधनकाळाची. आत पाऊल टाकले की मात्र डोक्यावर गॉथिक फासळ्या. उंबरठ्याच्या बाहेर एक युग आणि आत दुसरे. घंटेचा नियोजित मनोरा पूर्ण झालाच नाही.

पैशाचा हिशेब मांडल्याशिवाय या शैलींचा अर्थ लागत नाही. सुरुवातीचा पैसा सोन्याचा. ते लवकरच आटले. मग साखर आली, तिच्यासोबत आफ्रिकी गुलामगिरी वाढली, आणि सोळाव्या शतकाच्या मध्याला शहर ऐन भरात आले. मोठी दगडी बांधकामे याच काळातली आहेत. पण मेक्सिको आणि पेरूच्या चांदीने साम्राज्याचे लक्ष मुख्य भूमीकडे वळले आणि जहाजांचे ताफे हवानाला जमू लागले. जानेवारी १५८६ मध्ये फ्रान्सिस ड्रेकने शहर घेतले. तो महिनाभर तळ ठोकून होता. त्याच्या माणसांनी चर्चेस लुटली, शहराचा मोठा भाग जाळला आणि २५,००० दुकाद खंडणी घेऊनच ते निघाले. सतराव्या शतकात शहर इतके गरीब झाले की पगारांसाठी मेक्सिकोहून येणाऱ्या रकमेची वाट पाहावी लागे. १६७३ आणि १७५१ च्या भूकंपांनी उरलीसुरली कसर भरून काढली.

स्पॅनिश अमेरिकेतल्याच पुएब्ला किंवा क्वितोच्या चर्चमध्ये सोन्याच्या वर्खाने मढवलेला बारोकचा दिमाख दिसतो, तो इथे का नाही, याचे उत्तर हेच. सोळाव्या शतकातले काम झाकून टाकायला इथे नंतर कोणाकडे पैसाच नव्हता. आज ज्याला आपण 'जपलेला वारसा' म्हणतो, त्यातला बराचसा दारिद्र्याने जपला आहे.

दगड आणि पैसा यांच्या पलीकडे या चर्चेसमध्ये बोलले गेलेले शब्दही आहेत. त्यांतला एक प्रसंग जगाच्या इतिहासात नोंदला गेला. २१ डिसेंबर १५११, आगमनकाळातला चौथा रविवार. डॉमिनिकन संघाचे अंतोनियो दे मोंतेसिनोस प्रवचनाला उभे राहिले. समोर कोलंबसाचा मुलगा, गव्हर्नर दिएगो आणि गावातले सारे प्रतिष्ठित बसलेले. मोंतेसिनोस यांनी त्यांना थेट विचारले, की कोणत्या अधिकाराने तुम्ही या ताइनोंना गुलामीत ठेवता, ही माणसे नाहीत काय? चिडलेले श्रोते मठात जाब विचारायला गेले. मठाधिपती पेद्रो दे कोर्दोबा यांनी सांगितले, की प्रवचन एका व्यक्तीचे नव्हते, सगळ्या मठाने मिळून ठरवलेले होते. पुढच्या रविवारी मोंतेसिनोस यांनी शब्द मागे घ्यावेत अशी अपेक्षा होती. ते आणखी कडक बोलले. प्रकरण राजापर्यंत गेले आणि वर्षभराने बुर्गोसचे कायदे झाले. त्यांनी जुलूम थांबवला नाही, पण मूळ रहिवाशांना हक्क असतात का, हा प्रश्न दप्तरी दाखल झाला. आपल्यापर्यंत हे प्रवचन आले ते बार्तोलोमे दे लास कासास यांच्या इतिहासग्रंथातून. त्या वेळी ते स्वतःही ताइनोंच्या मजुरीवर जगणाऱ्यांपैकी होते. पुढे ते याच शहरात डॉमिनिकन संघात शिरले.

प्रवचन झाले तेव्हा आजचा दगडी डॉमिनिकन मठ उभाही नव्हता, हे तिथे गेल्यावर ध्यानात ठेवावे. आणखी एक गोष्ट विसरू नये : हा आवाज आफ्रिकी गुलामांसाठी उठला नाही. लास कासास यांनी तर एका टप्प्यावर ताइनोंऐवजी आफ्रिकी गुलाम आणण्याची शिफारस केली होती, तिचा त्यांना पुढे पश्चात्ताप झाला. मठांच्या स्वतःच्या मळ्यांवरही गुलाम राबत होते.

डॉमिनिकन मठाच्या चर्चमध्ये रोझरीचे प्रार्थनालय आहे. त्याचे छत मराठी वाचकाने मान वर करून सावकाश पाहावे. मध्यभागी सूर्य, त्याच्या भोवती प्राचीन रोमन देवतांच्या आकृती आणि कडेने बारा राशी. ग्रहताऱ्यांचे हे चक्र कॅथलिक वेदीच्या माथ्यावर कसे आले? ख्रिस्त म्हणजे सूर्य, राशी म्हणजे बारा प्रेषित, असा अर्थ सहसा लावला जातो. पण दगडात आधी दिसतात ते सिंह, विंचू आणि मासेच. १५३८ मध्ये पोपच्या आज्ञापत्राने याच मठातल्या पाठशाळेला विद्यापीठाचा दर्जा मिळाला होता. ज्या संघाने ती चालवली, त्याच्या चर्चचे हे छत आहे.

शहरातल्या साहित्याचा धागाही मठांमधूनच जातो. रेजिना आंजेलोरुम मठातल्या धर्मभगिनी लेओनोर दे ओवांदो या अमेरिका खंडातल्या ज्ञात कवयित्रींमध्ये पहिल्या मानल्या जातात. ला मेर्सेद मठात १६१६ ते १६१८ या काळात स्पॅनिश नाटककार तिर्सो दे मोलिना राहिले.

नंतरचे आयुष्य हा या पुस्तकाचा सर्वांत आवडता विषय. १७६७ मध्ये जेझुइटांना स्पॅनिश मुलखातून हाकलले गेले. १७९५ च्या तहात बेटाचा हा भाग फ्रान्सकडे गेला आणि मठ रिकामे होऊ लागले. १८२२ पासूनच्या, शेजारच्या हैतीच्या राजवटीने चर्चच्या मालमत्ता ताब्यात घेतल्या. मग वास्तूंना वेगवेगळी कामे लागली. जेझुइट चर्च तंबाखूचे गोदाम झाले, पुढे नाट्यगृह झाले, आणि हुकूमशहा त्रुहियोच्या काळात राष्ट्रीय स्मारक-समाधी म्हणून नव्याने सजले. फ्रान्सिस्कन मठ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मनोरुग्णांचे आश्रयस्थान बनला. १९३० च्या सान सेनोन चक्रीवादळाने त्यावर घाव घातला. आज तिथे छत नाही. दारावर संघाचा गाठींचा दोर दगडात कोरलेला दिसतो आणि डोक्यावर उघडे आकाश. याच अवशेषांसमोर अनेक वर्षे रविवारच्या संध्याकाळी वाद्यवृंद वाजत आला आणि शहरातले म्हातारेकोतारे सोन आणि मेरेंगे या नृत्यसंगीतावर नाचत आले.

राष्ट्राच्या घडणीतही चर्चेस आहेत. हैतीपासूनच्या स्वातंत्र्याचे प्रणेते हुआन पाब्लो दुआर्ते यांचा बाप्तिस्मा १८१३ मध्ये सांता बार्बरा चर्चमध्ये झाला. १६ जुलै १८३८ रोजी त्यांनी 'ला त्रिनितारिया' ही गुप्त संघटना काढली ती कार्मेन चर्चसमोरच्या घरात, कार्मेन मातेच्या सणाच्या दिवशी. सणाच्या गर्दीत कोण कोणाच्या घरी जाते, याकडे कोण लक्ष देणार?

या वास्तूंवर लिहिणाऱ्यांचेही ढोबळमानाने चार पंथ पडतात. पहिला पंथ कागदपत्रे आणि अस्थी यांचा. १८७७ मध्ये कॅथेड्रलच्या दुरुस्तीत कोलंबसाचे नाव कोरलेली शिशाची पेटी सापडली. त्याच्या अस्थी १७९५ मध्येच हवानाला नेल्याचे स्पेन मानत होते, आणि तिथून पुढे त्या सेव्हिलला गेल्या. खऱ्या अस्थी कोणाच्या, या वादाने पिढ्यान् पिढ्यांची शाई खाल्ली. १९९२ मध्ये ती पेटी नदीपलीकडच्या अजस्र 'कोलंबस दीपगृहा'त हलवली गेली. दुसरा पंथ शैलीच्या अभ्यासकांचा. त्याचे अग्रणी एर्विन वाल्टर पाल्म. नाझी काळात परागंदा झालेला हा जर्मन ज्यू विद्वान १९४० मध्ये इथे आला आणि इमारतींचे बारकाईने मोजमाप व वर्णन करत राहिला. त्याचा मोठा ग्रंथ १९५५ मध्ये निघाला. त्याची पत्नी हिल्दे हिने या शहरात कविता लिहायला सुरुवात केली आणि सांतो दोमिंगो या नावावरूनच आडनाव घेतले : हिल्दे दोमिन. स्पेनच्या यादवी युद्धानंतर आलेल्या मारिया उगार्ते यांनी पत्रकारितेतून हा विषय सामान्य वाचकापर्यंत नेला.

तिसरा पंथ जीर्णोद्धार करणाऱ्यांचा. त्यांनी पुस्तकांनी नव्हे, छिन्नी-हातोड्याने लिहिले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अनेक इमारतींवरचा गिलावा आणि नंतरच्या शतकांची भर काढून 'अस्सल सोळावे शतक' उघडे करण्याची लाट आली. उघड्या दगडाचे जे शहर आज चित्रकार्डांवर दिसते, ते बऱ्याच अंशी या लाटेने घडवलेले आहे. इथे पुन्हा गोवा आठवतो. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझस बॅसिलिकेचा बाहेरचा गिलावाही १९५० च्या दशकातच पोर्तुगीज वास्तुविशारद बाल्ताझार काश्त्रू यांच्या देखरेखीखाली काढला गेला. उघडा पडलेला जांभा पावसाने झिजतो आहे, म्हणून आजही चिंता व्यक्त होते. जुने दिसावे म्हणून दगड उघडा करणे ही त्या काळाची आवड होती, आणि तिची किंमत दोन्हीकडचे दगड मोजत आहेत.

चौथा पंथ अलीकडचा. तो भिंतीपेक्षा माणसांकडे बघतो. कृष्णवर्णीयांचे धार्मिक बंधुसंघ, त्यांचे सण, ढोल आणि मिरवणुका हा त्याचा विषय. राजधानीच्या उत्तरेला व्हिया मेया इथला 'पवित्र आत्म्याच्या काँगोंचा बंधुसंघ' २००१ मध्ये युनेस्कोने मानवतेच्या मौखिक वारशात गणला. आफ्रिकी गुलामांच्या वंशजांनी चर्चने दिलेला साचा घेऊन त्यात आपले संगीत आणि आपल्या पितरांचे स्मरण भरले. कॅथेड्रलचे छत समजून घ्यायला पाल्म हवेत, पण त्या छताखाली कोण कुठे उभे होते हे कळायला या अभ्यासकांकडेच जावे लागते.

हे सगळे आज का वाचायचे? १९९० पासून हा भाग जागतिक वारसा आहे. इंटर-अमेरिकन डेव्हलपमेंट बँकेच्या कर्जातून रस्ते, पदपथ आणि दर्शनी भाग नवे झाले आहेत. पर्यटन वाढले की जुने रहिवासी कुठे जातात, हा प्रश्न त्यामागोमाग येतो. फ्रान्सिस्कन अवशेषांवर स्पॅनिश वास्तुविशारद राफाएल मोनेओ यांच्या आराखड्याने सांस्कृतिक केंद्र उभारायचे ठरले, तेव्हा मोठा विरोध झाला. अवशेष अवशेषच ठेवायचे की त्यांना छप्पर द्यायचे, हा वाद केवळ वास्तुशास्त्राचा नाही, तर ती जागा कोणाची, याचा आहे. चौकातल्या पुतळ्याचेही तसेच. उंचावर कोलंबस बोट दाखवत उभा आहे, आणि खाली चौथऱ्यावर चढून त्याचे नाव लिहिणारी ताइनो राणी आनाकाओना दाखवली आहे. जिला ओवांदोने फासावर दिले, तिच्याच हातून हा गौरव लिहवून घेतला आहे. असे शिल्प बघून आता लोक गप्प बसत नाहीत.

या पुस्तकाची रचना कालक्रमाने नाही, पायी चालण्याच्या क्रमाने आहे. प्रत्येक चर्चपाशी चार प्रश्न विचारले आहेत : दगड कुठला, पैसा कुठला, हात कोणाचे आणि नंतर काय झाले. ज्या वास्तूंजवळ या प्रश्नांची उत्तरे भरपूर आहेत तिथे पुस्तक रेंगाळते, बाकीच्यांची ओळख दोन-चार परिच्छेदांत करून देते. वेदीवरच्या प्रत्येक मूर्तीची यादी यात मिळणार नाही. ख्रिस्ती परिभाषा शक्य तिथे मराठी ख्रिस्ती समाजाच्या बोलण्यातली वापरली आहे, कारण ती आपल्याकडे शतकांपासून रुळलेली आहे.

जाणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. यांतली बरीचशी आजही देवाची चालती घरे आहेत. मिस्सा सुरू असेल तर कॅमेरा पिशवीत ठेवावा, खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. ऊन डोक्यावर येण्याआधी दर्शनी भाग बघावेत, दुपारी आतले थंड गाभारे. आणि फक्त कॅथेड्रल बघून परतू नये. सांता बार्बराच्या उतारावर गेल्याशिवाय कॅथेड्रलचा दगड कळत नाही, आणि काँगोंचा ढोल ऐकल्याशिवाय त्या दगडाखाली दबलेली माणसे कळत नाहीत. पुस्तक वाचून झाल्यावर एखाद्या वाचकाला वसईच्या किल्ल्यात किंवा जुन्या गोव्यात हेच चार प्रश्न घेऊन फिरावेसे वाटले, तर त्याने जरूर फिरावे. तिथली उत्तरे वेगळी निघतील. ती लिहून काढायचे काम अजून बरेच बाकी आहे.